अटक

संध्याकाळच्या वर्गात फ्राऊ दस्तूर
फळ्यावर एकच शब्द लिहितात : ग्राफ.
खडूची बोटं पदराला पुसत म्हणतात,
उगम नक्की कुणालाच ठाऊक नाही.
कोणी सांगतं, पिकल्या केसांवरून आला,
कोणी म्हणतं, ग्रीकांच्या लेखनिकावरून;
राजासाठी लिहिता लिहिता
तो मुलखाचाच धनी होऊन बसला.

मागच्या बाकावर मी, कुंदा पागनीस,
दांडिया बाजार, वय त्रेपन्न,
हसू दाबते.
नीस म्हणजे तरी दुसरं काय? लिहिणारा.
आमच्या खापरपणजोबांनी घोडा हाकला नाही,
नुसता लिहिला :
अबलख. पंचकल्याणी. उजवा डोळा अधू.
चंदी चार शेर, आज तोंड लावलं नाही.
एवढ्याशा शाईवर आम्ही
पाच पिढ्या लग्नात मानाची सुपारी घेतली.

घोडे गेले, तोबरे गेले,
चंदी कशाशी खातात तेही विसरलं.
दारावरची पितळी पाटी मात्र
दर दसऱ्याला चिंचेनं घासायची.

दिवसा मी मकरपुऱ्याच्या कारखान्यात दुभाषी.
परवा यंत्र तपासायला एक जण आला.
कार्डावर ग्राफ, मग फॉन, मग एक लांबलचक गाव.
बुटांवर ग्रीस, थेपला दुसऱ्यांदा मागून घेणारा.
फॉन म्हणजे आमचं 'कर' हो, मी म्हटलं,
गाव शेपटीला बांधलेलं.
तो म्हणाला, त्या गावात आता
कुणाकुणाचे बटाटे आहेत.
पदवी कायद्यानं शंभर वर्षांपूर्वीच काढली,
काढली आणि आडनावात ठेवून दिली,
उन्हाळ्यात रजई ट्रंकेत ठेवावी तशी.

आमच्याकडे कायदाही लागला नाही, असं मी म्हणणार
तोवर फाटक आलं.

खुमानसिंगनं वही उघडली.
"साहेब, अटक?"

जन्म बडोद्यात गेला तरी
या शब्दाला माझा मराठी कान आधी दचकतो,
मग गुजरातीत उतरतो :
आडनाव विचारतोय, दुसरं काही नाही.
पाहुण्याला मी दोन्ही अर्थ सांगितले.
हसेल वाटलं होतं.
तो वहीकडे बघत राहिला,
मग हळूच म्हणाला, "श्टिम्ट."
खरं आहे.

खुमानसिंगनं चष्मा नाकावर ढकलला.
जिभेचं टोक दातांत धरून
नाव, अटक, गाडीचा नंबर, वेळ,
एकेक अक्षर कोरल्यासारखं.
एक वेलांटी चुकली, ती खोडून पुन्हा काढली.
टोपीखालून कानावर आलेले त्याचे केस
कापसासारखे पांढरे.

मला फळा आठवला. बोलले नाही.

लिहून झाल्यावर त्यानं वही आमच्याकडे फिरवली,
बोटानं जागा दाखवली,
आणि आम्ही दोघांनी, एकामागून एक,
मुकाट्यानं सही केली.