अकरा मिलिमीटर

कार्ड तीनशे चौतीस मिलिमीटर,
खोक्यात जागा तीनशे तेवीस.
मी पुन्हा टेप लावली. तीच, जिच्यानं दिवसभर
ब्रॅडफर्डच्या नवरदेवांचे खांदे मोजतो.
कापड असतं तर शिवण उसवून
अकरा मिलिमीटर काढून दिले असते.
पत्र्याला माया ठेवलेली नसते.

शर्वाणीची यादी वहीच्या मागच्या पानावर होती:
प्रोसेसर ठीक, रॅम सोळाची बत्तीस,
मदरबोर्ड आहे तोच चालेल, आणि सगळ्यात खाली
‘बाबा, पॉवर सप्लाय स्वस्तातला नको, प्लीज.’
अंथरूण पाहून पाय पसरावे, हे मी म्हणायच्या आत
तिनं अंथरूणच साडेसातशे वॅटचं मागितलं.

कार्ड आणलं कीथलीहून,
नॉर्मन ऑगडेन नावाच्या म्हाताऱ्याकडून. जन्मभर बस चालवलेली.
त्यानं आधी चहा दिला, मग चालू करून दाखवलं:
ओली धावपट्टी, दिव्यांच्या रांगा,
थेंब काचेवरून मागे ओघळताना एकही अडखळला नाही.
‘चार वर्षं रोज रात्री इथं विमान उतरवलंय.
हल्ली मला धावपट्ट्या दोन दिसतात.
मी आपला मधोमध उतरतो.’

जॉयस्टिक त्यानं शर्वाणीच्या हातात दिली.
तिनं विमान गवतात घातलं.
‘असू दे,’ तो म्हणाला, ‘प्रवासी झोपलेत.’

दोनशे दहा ठरले होते, त्यानं दोनशेच घेतले.
दहाची नोट परत देताना
अंगठ्यानं चाचपून पाहिली, दहाचीच आहे ना.

आणि घरी येऊन हे अकरा मिलिमीटर.

शेवटी हार्ड डिस्कचा पिंजराच काढला,
रिव्हेट ड्रिलनं उडवले.
पत्र्याचा कीस कुणाच्या तरी लग्नाच्या कोटावर पडला.
शर्वाणी टॉर्च धरून होती, श्वासही धरून.
खट्. बसलं.

आता ती बर्फातून घोडा पळवते.
सेकंदाला एकशे चाळीस चित्रं, म्हणते, बघा बाबा, किती गुळगुळीत!
साठात आणि एकशे चाळिसात
मला काही फरक दिसत नाही. मी मान डोलावतो.
सुईत दोरा ओवायचा असला की तिलाच हाक मारतो.
ती घोडा थांबवते, ओवून देते, परत जाते.

खोक्यातून चांगली ऊब येते,
या खोलीतला हीटर मी बंदच ठेवलाय.
पिंजरा गेल्यापासून आत बोटभर माया उरलीय.
पुढच्या कार्डाला, ती म्हणते.