चीक

शनिवारी गाडी धुवायला काढली
तर बॉनेटवर एकोणीस थेंब.
पिवळट, काचेसारखे टणक,
एकात चिलट अडकलेलं, पाय वर.
नख लावलं. नख तुटलं.

कुंपणापलीकडून व्हर्न म्हणाला, पाइनचा आहे.
चाळीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस,
वासावरून झाड सांगतो.
घासू नकोस. स्पिरिटमध्ये कापूस बुडव,
थेंबावर ठेव, आणि दुसरीकडे बघ.

दुसरीकडे बघितलं.
आमच्या रस्त्यावर सगळे मेपल.
शाल्मलीच्या शाळेच्या पार्किंगला नुसतं डांबर
आणि एक दिव्याचा खांब.
वाचनालयासमोर ओक, तोही मरायला टेकलेला.
पिओरियाच्या या मक्याच्या सपाट मुलखात
पाइन आहेत ते नदीवरच्या टेकाडावर,
बंद पडलेल्या रोपवाटिकेच्या मागे,
जिथे रस्ता संपतो.
काल रात्री ती वाचनालयात होती.

एकोणीस थेंब म्हणजे किती तास?
मी पोटासाठी यंत्रांच्या गळतीचा हिशोब करतो,
ट्रकएवढ्या चाकांच्या पिवळ्या यंत्रांच्या.
फांदीची उंची, ऑगस्टची उष्णता, वारा नाही असं धरू...
गणित मांडलं
आणि ओल्या फडक्याने पुसल्यासारखं मोडलं.

कापूस उचलला.
थेंब मऊ झाला होता, बोटाला तार धरत होता.

आत्या फणस फोडायला बसायची
तेव्हा आधी कोपरापर्यंत खोबरेल.
चीक लागल्यावर तेल शोधू नये रे, म्हणायची.
तिचंही काहीतरी होतं एकदा,
पोस्टात नवीन आलेला कुणी.
आजोबांनी ते एका संध्याकाळीत खरवडून काढलं.
मग ती आमच्याकडेच राहिली,
शेवटपर्यंत,
फणस फोडत.

जेवायच्या वेळेपर्यंत एकोणिसावा निघाला.
हिने चहा आणला, म्हणाली
एवढी चकाकवतोयस, विकायची आहे का?
मी तोंडात गुळणी धरल्यासारखा.

शाल्मली उठली बारा वाजता.
(आम्हीच झाडाचं नाव दिलं तिला,
काट्यांचा विचार तेव्हा केला नव्हता.)
अनवाणी आली, पिवळे बोळे बघितले,
बाटली बघितली.
बाबा, पक्षी का?
हो, म्हटलं. कावळा असेल.
किती मोठा कावळा, म्हणाली,
आणि आम्ही दोघंही आकाशाकडे बघितलं
पुरावा शोधावा तसं.

रात्री डिकीत, जादा चाकाशेजारी,
स्पिरिटची बाटली ठेवली, कापसाची पिशवी,
जुन्या बनियनचं मऊ फडकं.
चिठ्ठी लिहायला घेतली होती.
दोन ओळी झाल्या, त्यात तीनदा "काळजी" आलं.
फाडली.

पुढच्या शनिवारी बॉनेट स्वच्छ.
बाटली दोन बोटं उतरलेली.
फक्त डाव्या दिव्याच्या वर
जुन्या रुपयाएवढा एक गोल,
चकाकी गेलेला, उन्हात धुरकट.
घाई केली पोरीने.
घासलं.

विचारायचं होतं ते सगळं घशापर्यंत आलं
आणि बाहेर पडलं ते एवढंच:
शाल्मली, ये इकडे,
वॅक्स कसं लावतात दाखवतो.

ती आली. बाही वर सारली.
मी तिच्या हातावर हात ठेवून
एकदा गोल फिरवून दाखवलं,
अगदी हलकं, मांजराला कुरवाळावं तसं.
मग तिच्या मनगटावर दिसला,
घड्याळाच्या पट्ट्याखाली अर्धा लपलेला,
एक थेंब, लव चिकटलेली.

कापूस ओला करून पुढे केला.
थोडा वेळ धर, म्हटलं, ओढू नकोस, आपोआप सुटतो.

तिने कापूस घेतला नाही.
बाही खाली ओढली.
राहू दे, म्हणाली,
आणि त्या धुरकट गोलावर
सावकाश हात फिरवत राहिली.