दीड टक्का

अतिग्रे एजंट आठ महिने म्हणतोय,
'गिऱ्हाईक येतंय की वहिनी, दम धरा.'
राजारामपुरीतला दुसरा
दीड टक्क्यात करतो म्हणाला;
त्याचं कार्ड फ्रिजवर, चुंबकाखाली.

आज मीच पुठ्ठा घेतला, स्केचपेन घेतलं:
घर विकणे आहे. मालकाशी थेट बोला.

संध्याकाळी एक जोडपं आलं. तिनं
जिन्याच्या भिंतीवरून हात फिरवला,
'महापुरात पाणी कुठवर आलेलं हो?'

अतिग्रे इथं हसून सांगायचा, 'गल्लीच्या तोंडाशी.'
मी तेवढ्यात आत चहा टाकायला जायचे.

'पाचव्या पायरीपर्यंत,' म्हटलं.
रंगाखाली रेघ आहे अजून.

'कळवतो' म्हणाली दोघं.
पुठ्ठा वाऱ्यानं दारावर आपटतोय
आणि मी कार्ड हातात घेऊन उभी.
दीड टक्का.
आत जाऊन चहा टाकायचा दर.