नावाचं भाडं

मरीन लाइन्सच्या न्यायाधिकरणात, तिसऱ्या मजल्यावर
एकवीस वर्षं मी दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेते.
वेग मिनिटाला शंभर;
वकील तापले तर एकशेवीस.

आज मोरपीस बिस्किटांचं प्रकरण.
भट्टी भांडुपला, एलबीएस रोडवर.
शाळेत दुसऱ्या तासाला तो वास वर्गात यायचा
आणि बाई म्हणायच्या, खिडक्या लावा, लक्ष उडतंय मुलांचं.
बिस्किट अजून तिथंच भाजतात.
नाव मात्र तिथं राहत नाही.
ते गेलं दोन हजार अकरात
एका बेटावर, जिथं एकाच दारावर
सातशे कंपन्यांच्या पाट्या आणि घंटी एक.

"केवढ्याला विकलं?" मेश्राम साहेबांनी विचारलं.
खात्यातर्फे तेच. फायली लाल फडक्यात,
चष्म्याच्या दांडीला चिकटपट्टी.
केरसी भरडा उठले. "ऐंशी हजार. कागदोपत्री आहे."
"आणि आता वर्षाचं भाडं?"
"रॉयल्टी," भरडांनी सुधारलं. "दोनशे चौदा कोटी."

म्हणजे स्वतःचंच नाव पुड्यावर छापायचं तर
आधी बेटाला विचारायचं.
मग भांडुपला नफा उरत नाही,
आणि नफाच नाही तर कर कसला.
सगळं कायद्यात बसतं, स्वल्पविरामासकट.
नावाला कंपनी म्हणतात ती हीच असावी.

माझंही नाव गेलं होतं.
वृंदा कोळंबकर.
तांदळाच्या ताटात ह्यांनी अंगठीने मानसी लिहिलं,
मावशीने पेढा भरवला,
आणि वृंदा कुठं गेली याची पावती कुणी फाडली नाही.
सव्वीस वर्षांचं भाडं धरलं तर...
जाऊ दे. भरडा पुढे बोलत होते.

भरडा म्हणत होते, टाळणं वेगळं, चुकवणं वेगळं.
टाळणं हक्क, चुकवणं गुन्हा.
इंग्रजीत म्हणाले ते: अव्हॉइड. इव्हेड.
मी लिहिलं.
एक जाड वक्र रेघ, तिला लागून एक जाड उभी.
पहिल्या शब्दाला ती, दुसऱ्यालाही तीच.
लघुलिपीत घाई असली की स्वर गाळतात.
दादरच्या क्लासात दिवाण सर सांगायचे,
हाडं लिहा, मांस वाचताना आपोआप चढतं.

मधल्या सुट्टीत शिपायाने चहा आणला,
बशीत मोरपीस. पाच रुपयांचा पुडा,
त्यात कर आधीच भाजलेला.
माझ्या पगारातून व्यवसायकर दोनशे,
फेब्रुवारीत तीनशे.
फेब्रुवारीने काय घोडं मारलंय, विचारायचं राहूनच जातं.
आयकर तर पगार दिसायच्या आधीच गेलेला असतो.
मला कुणी बेट दाखवलं नाही.
दाखवलं असतं तर गेले नसते, असंही छातीठोक सांगवत नाही.

सासूबाईंना सोनोग्राफीची तारीख मिळालीय
मुलुंडच्या पालिका रुग्णालयात, नऊ आठवड्यांनंतरची.
हे पैसे तिथं पोचले असतेच असं नाही;
तिजोऱ्या वेगळ्या, मला कळतं.
तरी बिस्किट चहात जरा जास्तच वेळ राहिलं
आणि तुटून तळाशी गेलं.

संध्याकाळी टंकायला बसले.
रेघांपाशी अडले.
पान ओळीत आठ वेळा तोच सांगाडा,
कुठला टाळणारा, कुठला चुकवणारा, दिसेना.
सदस्य साहेबांच्या दारात जाऊन विचारलं.
ते कोट चढवत होते.
"अर्थावरून लावा, मॅडम," म्हणाले आणि लिफ्टकडे गेले.

अर्थावरून.
दोनशे चौदा कोटी. एक घंटी. ऐंशी हजार.
बोट दोन कळांच्या मध्ये थांबलं,
पंखा फिरत होता, मेश्राम साहेब जिन्यात फडक्याची गाठ मारत होते.

शेवटी भरडांनी उच्चारले तेच स्वर
आठही ठिकाणी जिथल्या तिथं बसवले.
ऐकलेलं लिहायचा पगार आहे, कळलेलं लिहायचा नाही.
वहीतल्या रेघा मात्र तशाच ठेवल्या,
उघड्या, बिनस्वराच्या.
वर तारीख टाकली, आणि खाली सहीच्या जागी
हात आपोआप जुन्या नावाकडे वळला.