तिघी

फोनवरच्या माणसाने आधी माझं नाव घेतलं,
मग वय, मग फातोर्ड्यातल्या इमारतीचं नाव,
दुसरा मजला, भावाचं वास्कोचं घर.
कोण आपण, विचारलं तर म्हणाला,
काही नाही, सहज.

रात्री शोधलं तर मी होते तिथे.
एक नाही, तिघी.
सुनेत्रा फळदेसाई, पी-एच लावलेली.
सुनेत्रा फळदेसाई, एफ आणि दोन एस,
ही शाळेच्या दाखल्यावरच्या कारकुनाची कृपा.
आणि तिसरी मधेच तुटलेली,
फळ वेगळं, देसाय वेगळं,
आजोबांच्या पोर्तुगीज कागदात होती तशी.

पहिल्या दोघी स्विंडनला राहून आलेल्या.
खरं आहे. आठ वर्षं मी तिथे
सँडविचच्या कारखान्यात काकडीच्या चकत्या लावल्या,
एका पावावर चार.
तिसरीला नवरा आहे.
त्याचं नाव मी दोनदा वाचलं.
बरं होतं नाव.

काढून टाकायचं तर ईमेल द्या.
मोबाईल द्या, मोबाईलवर आलेला आकडा द्या,
ओळखपत्राचा फोटो, दोन्ही बाजूंनी.
म्हणजे मी नसावं म्हणून
आधी मी आहे याचा पुरावा.
मग म्हणाले, चित्रांतले सिग्नल ओळखा.
सांग्याला लहानपणी एकही पाहिला नव्हता,
तरी ओळखले सगळे.

आणि 'पूर्वीचे पत्ते' या ओळीत, स्विंडनच्या खाली:
कुर्डी, तालुका सांगे.
घर नंबरसुद्धा.

धरणाचं पाणी चढू लागलं तेव्हा मी सात वर्षांची होते.
बाबांनी दारांच्या चौकटी उपसून ट्रकात घातल्या,
खिडक्या घातल्या, कौलं मोजून घातली.
आईचा रगडा तेवढा कुणाला हलेना.
पोस्टाने थैली बंद केली,
मतदारयादीने आम्हाला वाड्याला नेऊन टाकलं,
देवसुद्धा हलवले, होम करून, रीतसर.
या साईटला मात्र कुणी कळवलं नाही.
तिच्या लेखी आम्ही अजून तिथेच जेवतोय.
संभाव्य रहिवासी: चार.
बाबांचं वय त्र्याऐंशी.
त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली,
पण दर वाढदिवसाला कुणीतरी
न चुकता एक मिळवतंय.

पहिलीला काढलं. दुसरीला काढलं.
बहात्तर तास लागतील, असं आलं.
तिसरीपाशी हात थांबला.
तिला फोन नाही, ईमेल नाही, फातोर्डा नाही,
फक्त कुर्डी, नवऱ्यासकट.
राहू दे तिला.
शेतात बुजगावणं राहतं तशी राहू दे.
सहजवाल्याला म्हणावं, जा,
श्रावणात जा, साळावली भरलेली असताना,
घर नंबर तुझ्याकडे आहेच,
दार वाजव.

चौथ्या दिवशी पत्र आलं:
विनंती पूर्ण झाली.
आपली माहिती भविष्यात पुन्हा दिसू शकते.
कृपया अधूनमधून तपासत राहावे.

मे महिन्यात भावाबरोबर गेले.
पाणी खूप मागे सरलं होतं.
भेगाळलेल्या चिखलातून जोती वर आलेली,
माडांची बुंधं, विहिरीचा कठडा,
आणि लोक आपापल्या घरांत उभे,
भिंती नसलेल्या खोल्यांत चपला काढून.
आमच्या पायरीपाशी कॅमेरा घेतलेला एक पोरगा आला,
अदबीने म्हणाला, काकी, तुम्ही इथल्याच का?
नाव काय तुमचं?

मी म्हटलं, नाही.
आम्ही असंच, बघायला आलोय.

भावाने माझ्याकडे पाहिलं.
काही बोलला नाही.
वाकून त्याने रगड्याच्या खळग्यातला चिखल
बोटांनी काढायला घेतला.