पाच सोल

इथे पैशाला सोल म्हणतात.
सोल म्हणजे सूर्य, टॅक्सीवाला सांगतो,
आणि मला आठवतात
सुपात वाळत घातलेली आमसुलं.
भाषा अशी चालता चालता मध्येच पाय घालते.

अरेकिपा. पांढऱ्या दगडाचं शहर,
मागे मिस्ती, झोपलेला ज्वालामुखी,
झोपलेला म्हणजे
कानोसा घेत पडलेला.

एकतीस वर्षं मी कॅश काउंटरला बसले.
नोट हाताला लागली की बोटच आधी बोलायचं,
डोळे मागून यायचे, सही करायला.
त्या बोटांच्या पेन्शनवर मी इथवर आले
आणि पहिल्याच दुपारी
बस-स्टँडवरच्या पोरानं सुट्ट्यांत दिलेलं
पाच सोलचं नाणं
मी नीट मोजून घेतलं.
मोजणं वेगळं, पारखणं वेगळं,
हे मीच शिकवायचे नव्या पोरांना.

सान कामिलोच्या बाजारात
हर्मेलिंदा चोकेवांका चुन्यो विकते:
काळे, सुरकुतलेले, वजनच हरवलेले बटाटे,
रात्रीच्या गारठ्यात गोठवून
पायांनी तुडवून वाळवलेले.
तिनं माझं नाणं ओट्याच्या दगडावर टाकलं.
ठप्प.
शेजारी स्वतःचं टाकलं.
खण्ण.
"फाल्सा," ती म्हणाली, हळूच,
पदर घसरलाय असं बाईनं बाईला सांगावं तसं.

मग माझा अंगठा धरून
तिनं नाण्यावर फिरवला,
पिवळं जिथे पांढऱ्याला भेटतं तिथे.
खऱ्याला चर लागते.
खोट्यावर रंग नुसता झोपलेला.
नोटेवरच्या माणसाची कॉलर
नखाला खरखरली पाहिजे, तिनं दाखवलं,
गुळगुळीत कॉलरवाल्यावर विश्वास ठेवायचा नाही.
आम्ही दोघी हसलो.
माझं हसू थोडं आधी संपलं.

कारण परीक्षेची फी भरायला आलेली एक मुलगी.
पाचशेची नोट, चार घड्या घातलेली.
मी शिक्का मारला, नोट जप्त केली,
पावतीवर तिचं नाव लिहिलं
मान वर न करता.
नियम होता. नियम खराच होता.
"पुढचा," म्हणाले
तो माझा आवाज मात्र
आज ऐकू आला, दगडावर पडल्यासारखा.

संध्याकाळी चौकात
एक आंधळा म्हातारा चरांगो वाजवत होता,
समोर लोकरीची टोपी, उलटी.
लोकरीत नाणं पडलं तर आवाज होत नाही.
हे मला सुचलं.
मी हात टोपीपर्यंत नेलासुद्धा.
हे लिहायचं नव्हतं.
त्यानं सूर न सोडता
मान जराशी तिरकी केली,
कदाचित वाऱ्याकडे.
मी दहाची नोट टाकली आणि भराभर चालत सुटले,
काहीतरी चोरल्यासारखी.

सकाळी पुन्हा हर्मेलिंदाकडे.
तिच्या फळीच्या कडेला
सात नाणी खिळ्यांनी ठोकलेली,
गंजत चाललेले सात सूर्य.
मी आठवं पुढे केलं.
तिनं हातोडी माझ्याच हातात दिली.
खिळा वाकला एकदा.
दुसरा तिनं तोंडातून काढून दिला.
नाण्यावरच्या रेघांच्या पक्ष्याच्या
पोटातून तो आरपार गेला
आणि फळी दणकून वाजली.
शेजारची चीजवाली ओरडली काहीतरी,
बहुतेक माझ्याबद्दलच.

मग अर्धा किलो चुन्यो घेतला,
शिजवायचा कसा ते ठाऊक नसताना.
तिनं सुटे दिले.
मी एकेक नाणं दगडावर टाकून घेतलं,
सावकाश, तिच्यासमोर,
आणि तिला राग आला नाही.
ती थांबली, सगळी वाजेपर्यंत.
नंतर तराजूतून पिशवी उचलून
तिनं वरून एक बटाटा टाकला.
"यापा," म्हणाली. म्हणजे वरचा,
हिशेबाबाहेरचा.

तो मी वाजवून पाहिला नाही.