बोटभर धागा

गड्ड्याची जत्रा पंधरा दिवसांवर आली
की मी पेट्या उतरवते.
सहा आहेत. पाचच म्हणायच्या,
सहावीत गांधीलमाशी राहते,
तिच्या वाटेला मी यंदाही जाणार नाही.

माग भंगारात निघाला त्या वर्षी
लोखंड तागडीवर गेलं, लाकूड उरलं.
त्याच्या या पेट्या, श्रीजाच्या पप्पांनी केलेल्या.
भोकात दोन बोटं जातात, तिसरं अडतं.
मैना आत शिरली नाही पाहिजे, म्हणायचे,
पिच्चुका शिरली पाहिजे.
दारात ती चिमणी, घरात पिच्चुका.
तिला दोन्ही कळतं.

झाकणाचा स्क्रू गंजलाय.
खोबरेलाचा थेंब, मग वाट बघणं.
पलीकडची राजव्वा गॅलरीतून ओरडते,
अगं, घरटं मोडू नये, पाप लागतं!
मी म्हणते, जुन्या घरट्यात पिसवा असतात, राजव्वा,
पिल्लाचं रक्त पितात. त्याचं पाप कुणाला?
ती आत जाते. थोड्या वेळानं
जुना टूथब्रश घेऊन येते.

फडकं गुंडाळून हात घातला
तर अख्खं वर्ष हातात आलं.
गवत नाही. विडी घरकुलात गवत कुठलं?
सगळं सूत.
खाली पिवळं, होळीच्या आधीच्या टॉवेलांचं,
त्यावर चादरीचं किरमिजी,
मग पांढरं, नुसतं पांढरं,
तेव्हा रंगखाना महिनाभर बंद होता
आणि किराणावाला उधारीची वही पुढं करायचा.
मधेमधे माझ्या पत्त्याची कातरण,
एक पीस, कोंबडीचं असावं,
श्रीजाचा हरवलेला निळा रबर.

तिसऱ्या पेटीत पिल्लू होतं.
वाळलेलं. विडीएवढं हलकं.
पायाला तीन वेढे,
जांभळा दोरा.
हा कारखान्यातला नव्हता.
आमच्या कंपनीच्या विडीला बांधतात तो, जांभळाच,
माझ्या सुपातून उडालेला.

माझी गाठ सुटत नाही,
असं तपासणारा मुकादमसुद्धा म्हणतो.
रोजच्या हजार गाठी.
पण ही मी मारली नव्हती.
सुटायला बघताना
त्यानंच आवळत नेली होती.

मी बराच वेळ काही केलं नाही.
मग पाणी उकळलं.
फिनेल नको, वास राहतो,
वास राहिला तर ती येत नाही.
उकळतं पाणी दोनदा, ब्रशनं कोपरे,
तळाची चार भोकं काडीनं मोकळी केली,
पावसाचं पाणी तिथून निघतं.
आतल्या फळीवर ब्लेडनं आडव्या रेघा ओढल्या,
पिल्लांना वर चढायला पायऱ्या.
दिवसभर पेट्या गच्चीवर उताण्या,
सोलापूरचं ऊन पौषातही कामाचं असतं.

रात्री भिवंडीहून फोन आला.
ते आता तिकडं, दुसऱ्याच्या मागावर.
स्क्रू निघाला का?
निघाला.
लाकूड कुजलंय का कुठं?
नाही.
अजून काय?
काही नाही, म्हणाले मी,
जत्रेला रजा मिळते का बघा.

पत्ता कापून झाला की
त्याच कात्रीनं आता सूत कापते.
सुपातला दोरा, दारातला धागा,
समोरच्या कारखान्याबाहेर लोळणारी गुंतवळसुद्धा
पिशवी भरून आणते.
लोक विचारतात, वेडी झालीस का?
त्यांना काय सांगायचं.
श्रीजा शेजारी बसते, विचारते,
केवढा कापायचा?
बोटभर.
कुणाच्या बोटाएवढा?

मी माझं बोट बघितलं,
पत्त्यानं काळं पडलेलं, लांब.

तुझ्या, म्हटलं.
करंगळीच्या.